केमोच्या खुर्चीत काय ऐकावं: पहिल्यांदा जाणाऱ्या बायकांसाठी आणि त्यांच्या सोबतीला असणाऱ्यांसाठी

माझ्या ताईला स्तनाचा कर्करोग निघाला तेव्हा तिच्या पहिल्या केमोला मी सोबत होते. तिचं मन रमावं म्हणून मी तिची सगळ्यात लाडकी भूपाळी फोनवर भरून नेली होती. लहानपणी आई पहाटे चुलीपाशी बसून म्हणायची तीच. सलाईन सुरू झालं, मी इअरफोन तिच्या कानात घातला, तिने डोळे मिटले. मला वाटलं, चांगलं जमलं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सायकललाही (सायकल म्हणजे केमोची एक फेरी) तीच भूपाळी लावली. त्यानंतर एका सकाळी शेजारच्या घरातून ती ऐकू आली आणि ताईच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. उपचार संपून आता तीन वर्षं झाली. ती भूपाळी तिला अजून ऐकवत नाही.

त्यामुळे या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना मी आधीच सांगते. जे गाणं तुमच्या काळजातलं आहे, ते केमोच्या खुर्चीत नेऊ नका.

लाडकं गाणं घरी का ठेवायचं

मळमळ आणि त्या वेळी आजूबाजूला असलेली प्रत्येक गोष्ट यांची शरीर गाठ मारून ठेवतं. पुष्कळ जणींना दवाखान्याच्या फरशीचा वास, स्पिरिटचा बोळा, अगदी त्या रस्त्याचं वळण दिसलं तरी ढवळून येतं. औषध अजून टोचलेलंही नसतं. हे मनाचे खेळ नाहीत आणि हा घाबरटपणाही नाही. विषारी खाल्लं तर पुन्हा खाऊ नये म्हणून शरीराकडे असलेली ही जुनी शिकवण आहे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात आयलीन बर्नस्टीन यांनी १९७८ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. केमो घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे काही आठवड्यांनी तेच समोर ठेवलं तर बरीच मुलं ते नको म्हणू लागली. नंतर १९८७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट उलटी फिरवली. जेवण आणि केमो यांच्या मधल्या वेळात मुलांना वेगळ्याच चवीची गोळी चघळायला दिली. नावड त्या गोळीवर गेली, रोजचं जेवण बऱ्यापैकी वाचलं. गोळी बळीचा बकरा झाली.

ते प्रयोग चवीचे होते, गाण्याचे नव्हेत. पण ताईचा अनुभव घेतल्यावर मी तीच युक्ती गाण्याला लावली. खुर्चीसाठी वेगळं, नवं, फारसं नातं नसलेलं संगीत ठेवायचं. गाठ पडायचीच असेल तर ती त्याच्याशी पडू दे. पुढे आयुष्यात ते पुन्हा कधी ऐकलं नाही तरी तुमचं काही हरवणार नाही.

संगीताकडून काय मागावं

गाण्याने कर्करोगाची गाठ विरघळत नाही. अमुक राग अमुक आजारावर अशा याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यात स्तनाच्या कर्करोगालाही एखादा राग चिकटवलेला असतो. त्याला आधार नाही. यमन ऐकून बरं वाटत असेल तर खुशाल ऐका, पण डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवून नव्हे. कोणी ‘फक्त नादाने बरं करतो’ म्हणत पैसे मागितले तर त्या दारातून परत फिरा.

मग उपयोग कशाचा? जीव घाबरा होतो तो थोडा शांत होतो, वेळ सरतो, दुखणं जरा मागे हटतं, थकव्यालाही काही जणींना उतार पडतो. कर्करोग आणि संगीत या विषयावरचे ८१ अभ्यास, म्हणजे ५५७६ रुग्ण, एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये आढावा घेतला. मोठ्या माणसांमध्ये चिंता, उदासी, वेदना आणि थकवा यांवर संगीताचा फायदा होत असावा असं त्यात दिसलं. पुरावा अजून पक्का नाही हेही त्यांनी तिथेच लिहिलं आहे. स्तनाच्या कर्करोगात पूरक उपचार कोणते वापरावेत याची मार्गदर्शक सूची २०१७ मध्ये निघाली आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने तिला दुजोरा दिला. त्यात चिंता आणि ताण कमी करण्यासाठी ध्यान आणि योगासोबत संगीतोपचारही आहे. माझ्या दृष्टीने एवढं पुरे आहे. उलटीची गोळी तिच्या वेळेला घ्यायची आणि तिच्या जोडीला गाणं ठेवायचं.

आठवडाभर आधी: यादी करणं

यादी जिला केमो घ्यायची आहे तिनेच करावी. मुलगा, सून, नवरा, मैत्रीण यांनी फोन हाताळून द्यावा, निवड करू नये. आजारपणात बाईच्या हातातून एकेक निर्णय निघून जातो: काय खायचं, कधी झोपायचं, कोणाला भेटायचं. निदान कानात काय वाजेल हे तिचं असू द्या.

चौथ्या सायकलनंतर उरलेल्या बारा आठवड्यांसाठी मी ताईसोबत तीन कप्पे केले.

पहिला कप्पा वाट पाहण्याचा. सरकारी असो की खासगी, रक्ताचा रिपोर्ट, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) बघणं, फाइल, नंबर, खाट किंवा खुर्ची मिळणं यातच अर्धा दिवस जातो. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात (१९४१ पासून ते चालू आहे) गावाकडून येणाऱ्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या बायकांना तर पहाटेच निघावं लागतं. या वेळी मन धावत असतं. एकदम संथ आलाप लावला तर ते आणखी चिडतं. संगीतोपचारकांचं एक जुनं तत्त्व आहे की मन जिथे आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू पुढे न्यायचं. म्हणून इथे आधी मध्यलयीतलं, ठेक्याचं काहीतरी ठेवा. भजनी ठेका चालेल, एखादी गवळण चालेल. चार-पाच गाण्यांनंतर लय उतरू द्या.

दुसरा कप्पा खुर्चीचा, आणि हाच बळीचा बकरा. इथे शब्द नसलेलं संगीत सगळ्यात सोयीचं. बासरी, संतूर, सतारीची विलंबित आलापी, नुसता तानपुरा, पावसाचा आवाज. शब्द नको म्हणण्याला दोन कारणं आहेत. औषधांनी डोकं जड होतं, शब्दांचा अर्थ लावायचेही कष्ट पडतात. दुसरं, भावगीताच्या एखाद्या ओळीने भरून येतं, आणि हाताला सुई असताना धड डोळेही पुसता येत नाहीत. मिनिटाला ६० ते ८० ठोके अशी लय श्वासाला बरी पडते. मोजता येत नसेल तर आरामात चालताना पाय जसे पडतात त्याहून थोडं हळू, एवढं लक्षात ठेवा.

हा कप्पा केमोच्या आठवडाभर आधीपासून घरी ऐकायला लागा. रोज रात्री वीस मिनिटं, आडवं पडून, श्वास लांब सोडत. शरीराने त्या आवाजाची ओळख शांतपणाशी आधीच करून घेतली तर मळमळीला तिथे शिरायला जागा कमी उरते. ताईला पहिल्या दोन रात्री कंटाळा आला. पाचव्या रात्री ती अर्ध्यातच झोपली.

तिसरा कप्पा घरचा. लाडकी गाणी इथे. आईच्या आवाजातलं, लग्नातलं, शाळेतलं, देवघरातलं. ही केमोच्या दिवशी आणि त्यानंतर मळमळ असेपर्यंत बंद. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडाला चव येऊ लागली की मग उघडायची.

जिला शास्त्रीय संगीताची सवय नाही तिच्यावर ते लादू नका. माझ्या ओळखीच्या एका आजींना खुर्चीत जात्यावरच्या ओव्याच हव्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांपैकी बऱ्याच ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. एक सांभाळा, ओवीत माहेर, वियोग, मरण सगळं येतं. सोबतच्या व्यक्तीने आधी ऐकून निवडावं आणि कोणत्या चालतील ते आजींनाच विचारावं.

सामान

दवाखान्यात, विशेषतः तळमजल्यावर किंवा तळघरात, इंटरनेट मिळेलच असं नाही. गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा. मधे जाहिरात किंचाळली तर सगळं मुसळ केरात, म्हणून यूट्यूबवर विसंबू नका. चार्जर आणि लांब वायर घ्या.

साधे वायरचे इअरफोन चांगले, ते हरवत नाहीत आणि त्यांचं चार्जिंग संपत नाही. ते एकटीचेच ठेवा. केमोनंतर रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, त्या काळात दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात नको. रोज पुसून घ्या. दोघींना एकत्र ऐकायचं असेल तर मोबाइलच्या दुकानात दोन इअरफोन जोडायची छोटी पिन मिळते. केस गेल्यावर टाळू हुळहुळी होते, हेडफोनची पट्टी टोचते. खाली सुती रुमाल बांधा. केस वाचवण्यासाठी थंड टोपी लावणार असाल तर ती कानावर येते, मोठे हेडफोन बसत नाहीत. बारीक इअरफोन टोपीआधी घालून बघा.

आवाज फोनच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. ज्यांना सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन मिळणार आहे (ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात कार्बोप्लॅटिन बऱ्याचदा देतात) त्यांनी जास्तच जपावं, कारण या औषधांचा कानांवर परिणाम होऊ शकतो. सिस्प्लॅटिनचा जास्त, कार्बोप्लॅटिनचा कमी. कानात गुणगुण किंवा शिट्टीसारखं वाजू लागलं तर गाणं बंद करून डॉक्टरांना सांगा.

खुर्चीतले तास

केमो एकाच धारेत जात नाही. आधी उलटी थांबवणारी आणि रिअ‍ॅक्शन टाळणारी इंजेक्शनं, मग मुख्य औषधं, मधे सलाईन. कोणत्या टप्प्यात कान किती झाकायचे हे कळलं पाहिजे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

हाताला किंवा पोर्टला (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) सुई लावताना गाणं जरूर चालू ठेवा. दोन मिनिटं आधी सुरू करा आणि सिस्टरला सांगा, “मी ऐकतेय, बोलायचं असेल तर खांद्याला हात लावा.” त्यांनाही बरं वाटतं.

लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच्याच जातीचं एपिरुबिसिन, जाताना एक कान मोकळा ठेवा आणि लक्ष हाताकडे असू द्या. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं. सुईपाशी आग, टोचणी किंवा सूज वाटली की लगेच, त्याच क्षणी सांगायचं, गाणं संपायची वाट बघायची नाही. मन इतकं रमवू नका की हात जळतोय हे कळणारच नाही. (नंतर एखादा दिवस लघवी लालसर होते, ती या औषधाच्या रंगाने. घाबरू नका.)

पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध सुरू होताना पहिली पंधरा मिनिटं दोन्ही कान मोकळे. याची रिअ‍ॅक्शन आली तर बहुतेक वेळा पहिल्या दोन डोसांत आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच येते. चेहरा लाल होणं, छाती आवळणं, श्वास लागणं, अचानक पाठ किंवा कंबर दुखणं. या वेळी सोबतच्या माणसाने फोन खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसावं. पंधरा मिनिटं नीट गेली की मग खुर्चीचा कप्पा उघडा. रिअ‍ॅक्शन टाळायला आधी दिलेल्या एव्हिलच्या इंजेक्शनने पेंग येते, त्या पेंगेत बासरी फार छान मिसळते. ताई याच वेळी घोरायची.

काही ठिकाणी बोटांच्या मुंग्या टाळण्यासाठी बर्फाचे हातमोजे देतात. ते चढले की फोनला हात लावता येत नाही. तेव्हा सलग दीड तास वाजेल अशी यादी आधीच लावून द्या. औषध सोडणारा पंप पिंपिं वाजू लागला तर घाबरू नका, पण सिस्टरला हाक मारा. नळी दुमडली असेल किंवा बाटली संपली असेल.

मळमळ चढली तर गाणं बंद. जबरदस्तीने चालू ठेवलं की ती गाठ आणखी घट्ट होते. खिडकीकडे बघा, लिंबाचा वास घ्या, सिस्टरला सांगा. आणि एखाद्या दिवशी काहीच ऐकावंसं वाटलं नाही तर तेही ठीक आहे. सोबतच्या माणसाने “अगं ऐक ना, बरं वाटेल” असं म्हणू नये. तिला शांतता हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाइलचा स्पीकर वॉर्डात लावू नये. शेजारच्या खुर्चीतल्या बाईलाही तिची स्वतःची मळमळ आहे, आणि तुमचा अभंग तिच्यासाठी आयुष्यभराचा नकोसा होऊ शकतो.

घरी आल्यावर

पहिली रात्र जागरणाची. डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड केमोसोबत देतात, त्याने डोळ्याला डोळा लागत नाही. कानात काही न घालता उशाशी फोन ठेवून अगदी हलक्या आवाजात पावसाचा किंवा तानपुऱ्याचा आवाज लावा, अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल असं घड्याळ लावून. लाडकी गाणी या रात्री नाहीत, हे पुन्हा सांगते. मध्यरात्री हळवं होऊन हात नेमका तिकडेच जातो.

तोंडाला फोड येतात तेव्हा गाता येत नाही. ओठ मिटून गुणगुणा, ते जमतं. खर्जातला षड्ज (खालचा ‘सा’) धरून श्वास संपेपर्यंत सोडत राहायचा. पाच मिनिटं पुरे. गाणाऱ्या, वाजवणाऱ्या बायकांना एक सूचना. पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होतात, पेटीचे स्वर चुकतात, तबल्यावर चाट नीट पडत नाही. हे मनाला फार लागतं. कला गेली असं समजू नका. पुष्कळ जणींची बधिरता उपचारानंतर काही महिन्यांत कमी होत जाते. पण डॉक्टरांना ती नक्की सांगा, त्यावरून डोस ठरवतात. प्लेटलेट कमी असताना तारेचं वाद्य वाजवू नका, बोट कापलं तर रक्त लवकर थांबत नाही.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. भजनी मंडळ, गणपतीची आरती, नाट्यगृहातली मैफल या दिवसांत टाळा. फार ओढ लागली तर मंडळातल्या मैत्रिणीला फोन सुरू करून पेटीशेजारी ठेवायला सांगा. ताईच्या मंडळातल्या बायकांनी दर एकादशीला हे केलं, आणि शेवटी प्रत्येकीने तिला नावाने हाक मारली. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर बाकी सगळं सोडून आधी दवाखाना.

शस्त्रक्रिया झालेल्यांना खांद्याचे व्यायाम करताना, भिंतीवर बोटं चालवत हात वर नेताना, तालाचं गाणं उपयोगी पडतं. मोजणं विसरायला होतं आणि हात एक वीत जास्त चढतो. फिजिओथेरपिस्टने दिली त्याच मर्यादेत.

शिकलेल्या संगीतोपचारकाकडे कधी जावं

आतापर्यंत सांगितलं ते घरगुती आहे. फोनवर गाणी ऐकणं आणि संगीतोपचार या दोन वेगळ्या गोष्टी. शिकलेला उपचारक आधी तुमच्याशी बोलतो, तुमचा मूड बघून त्या क्षणी वाजवतो, तुम्हालाही गायला, ताल धरायला, कधी आपली ओळ रचायला लावतो. भीतीने झोप उडाली असेल, केमोच्या आदल्या दिवसापासूनच उलट्या होत असतील, रडू थांबत नसेल तर यादी बदलत बसू नका. डॉक्टरांना सांगा आणि रुग्णालयात समुपदेशक किंवा संगीतोपचारक आहे का ते विचारा. बाहेरच्या कोणाकडे जाणार असाल तर शिक्षण कुठे झालं, कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम केलं आहे का, डॉक्टरांशी बोलायची तयारी आहे का, हे तीन प्रश्न आधी. तिसऱ्याला ‘गरज नाही’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा.

शेवटच्या सायकलनंतर

खुर्चीचा कप्पा पुसून टाका. ताईने तिच्या शेवटच्या पॅक्लिटॅक्सेलनंतर टॅक्सीत बसल्या बसल्याच पुसला. बासरीचे सगळे ट्रॅक, एकेक करून.

एखादं लाडकं गाणं ताईच्या भूपाळीसारखं बिघडलंच असेल तर ते परत आणायची घाई करू नका. पोट भरलेलं, ऊन चांगलं, आवडती माणसं जवळ, अशा दिवशी अर्धं मिनिट लावायचं आणि बंद करायचं. काही त्रास झाला नाही तर पंधरा दिवसांनी एक मिनिट. आम्ही आता गाण्याच्या शब्दांशिवाय नुसती चाल पेटीवर वाजवतो, दुपारी, चहाच्या वेळी. परवा दुसऱ्या ओळीपर्यंत ताई बसून होती.